यार्डातल्या नोंदवहीपासून पॅरिसपर्यंत : उच्चदाब अभियंत्यांच्या जागतिक कामात शिरायचं कसं

मागच्या वर्षभरात मला एकाच अर्थाचे पाच-सहा फोन आले. कुणी २२० केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्रात शिफ्टला, कुणी टेस्टिंगला, तर एक मुलगी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात डिझाइनला. विचारणं एकच : "सर, ते सिग्रे, आयईसी वगैरे आपल्यासारख्यांना जमतं का? की ते फक्त चीफ इंजिनिअर लोकांचं?" दरवेळी तासभर फोनवर बोलण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं, म्हणून हे.

जमतं. फक्त बहुतेक जण दोरी उलट्या टोकाने धरतात. आधी पॅरिसला जायचं ठरतं, मग पेपरला विषय शोधतात आणि अगदी शेवटी आकड्यांसाठी जुनी रजिस्टरं काढतात. रजिस्टरात काही सापडत नाही, मग पेपर इकडून तिकडून जुळवलेला होतो आणि तो कुणी वाचत नाही. सुरुवात रजिस्टरापासून केली तर बाकीचं हळूहळू मागे येतं. मी टेस्टिंग विभागात नोकरी केली, निवृत्त होऊन काही वर्षं झाली. खाली लिहिलंय ते त्या वाटेवरून, आपटत धोपटत शिकलेलं आहे.

आधी घरं ओळखून घ्या

उच्चदाब क्षेत्रातले जगभरचे लोक मुख्यतः तीन ठिकाणी एकत्र काम करतात. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे, आणि नवखा माणूस गोंधळतो तो इथेच.

पहिलं सिग्रे. १९२१ साली पॅरिसमध्ये सुरू झालं, मुख्यालय अजून तिथेच. फ्रेंच नावाची आद्याक्षरं जोडून झालेला हा शब्द; अर्थ साधारण 'मोठ्या विद्युत जाळ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद'. इथे वीज कंपन्या, उत्पादक, प्रयोगशाळा, प्राध्यापक, सल्लागार सगळे येतात. मतदान नाही, सक्ती नाही. 'आमच्याकडे असं झालं, तुमच्याकडे काय झालं?' एवढ्यावर सगळा व्यवहार चालतो, आणि त्यातून जे निघतं ते टेक्निकल ब्रोशर म्हणून छापतात. ब्रोशर म्हटल्यावर जाहिरातीचं चोपडं डोळ्यापुढे येतं, पण हे शंभर-दोनशे पानांचे भरगच्च अहवाल असतात.

दुसरं आयईसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग. १९०६ साली लंडनला स्थापना, लॉर्ड केल्व्हिन पहिले अध्यक्ष. आता कार्यालय जिनिव्हात. इथे प्रमाणकं ठरतात आणि मत देशाचं असतं, माणसाचं नाही. भारताचं मत दिल्लीच्या भारतीय मानक ब्युरोमार्फत जातं. म्हणजे बीआयएस.

तिसरं अमेरिकन वळणाचं आयट्रिपलई (IEEE), ही अभियंत्यांची व्यावसायिक संस्था. प्रमाणकं तेही करतात, पण तिथे माणूस स्वतःच्या नावाने बसतो आणि स्वतःच्या नावाने मत देतो. त्यांच्या ट्रान्सफॉर्मर कमिटीच्या बैठकीला नोंदणी करून कुणीही जाऊन बसू शकतो.

या तिघांचं एकमेकांशी नातं कसं, हे बघायला आपल्याच भागातलं उदाहरण आहे. वर्धा ते औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) अशी एक वाहिनी आहे. चालते ४०० केव्हीवर, पण बांधली आहे पुढे १२०० केव्हीवर नेता येईल अशी. १२०० केव्हीची उपकरणं तपासायला पॉवरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीने मध्य प्रदेशात बीना इथे चाचणी केंद्र उभारलं, आणि देशातल्या उत्पादकांनी त्यासाठी ट्रान्सफॉर्मर, अरेस्टर (अचानक चढलेला दाब जमिनीत सोडणारं उपकरण), ब्रेकर बनवून दिले. तिकडे चीनने जानेवारी २००९ मध्ये १००० केव्हीची वाहिनी व्यापारी वापरात आणली. त्यांच्या उपकरणांचा कमाल दाब ११०० केव्ही. त्याच्याही आधी, १९८५ पासून, सोव्हिएत संघाने कझाकस्तानात ११५० केव्ही चालवून पाहिलं होतं. आता प्रमाणकात आकडा कुठला घालायचा? सिग्रेच्या गटांनी या देशांचे अनुभव शेजारी शेजारी मांडले : इन्सुलेशनची अंतरं किती, स्विचिंगच्या (चालू-बंद करण्याच्या) वेळी दाब किती चढतो, अरेस्टर कुठे बसवायचे. आयईसीने मग आपल्या प्रमाण दाबांच्या यादीत ११०० आणि १२०० असे दोन्ही आकडे ठेवले. एका भूभागात त्यातला एकच वापरावा, अशी पुस्ती जोडली. मला ही तडजोड फार आवडते. सासू-सून दोघींचा मान राखलेला दिसतो.

तर क्रम असा : अनुभव सिग्रेत येतो, त्याचा नियम आयईसीत होतो, आणि बीआयएसमार्फत तो नियम आपल्या निविदेच्या तांत्रिक अटींमध्ये येऊन बसतो. तुम्ही ज्या 'आयएस'प्रमाणे (बीआयएसचं भारतीय प्रमाणक) ट्रान्सफॉर्मर ताब्यात घेता, त्याच्या पोटात आयईसीच असतं.

पायरी १ : एकच प्रश्न पकडा

सिग्रेत सोळा स्टडी कमिट्या आहेत. ए गटात यंत्रं आणि उपकरणं (ए२ म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि रिअ‍ॅक्टर, ए३ म्हणजे ब्रेकर, सीटी (प्रवाह मोजायचा ट्रान्सफॉर्मर) वगैरे), बी गटात केबल, वाहिन्या, उपकेंद्रं, एचव्हीडीसी (उच्चदाबाने डीसी वीज वाहून नेणं), प्रोटेक्शन. सी गटात जाळ्याचं नियोजन, संचालन, पर्यावरण, बाजार. डी गटात साहित्य, चाचण्या आणि दळणवळण. सगळी यादी पाठ करायची गरज नाही. तुमचा हात रोज कशाला लागतो ते पाहा, तुमचं घर लगेच सापडेल.

पण कमिटी म्हणजे प्रश्न नव्हे. 'मला ट्रान्सफॉर्मरमध्ये रस आहे' हे कुणी ऐकून घेणार नाही. 'आमच्या समुद्राकाठच्या वाहिनीवर पावसाळा संपल्यावर, पहिल्या थंडीच्या दवात पहाटे ट्रिपिंग होतं (वाहिनी आपोआप बंद पडते), आणि धुतलेल्या इन्सुलेटरवरही होतं, ते का?' हा प्रश्न झाला. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्याला तो शोधावा लागत नाही, पहाटे फोन करून उठवतो. मिठाचा थर आणि दव यांचा हा खेळ नॉर्वे, दक्षिण आफ्रिका, आखाती देश सगळ्यांकडे वेगवेगळ्या रूपात आहे. म्हणून तर सिग्रेच्या लोकांनी प्रदूषित इन्सुलेटरवर वर्षानुवर्षं काम केलं. सिग्रेचं १५८ क्रमांकाचं ब्रोशर त्यावरच आहे.

असाच दुसरा : चंद्रपूर-पडघे एचव्हीडीसी. ±५०० केव्ही, १५०० मेगावॉट, ७५२ किलोमीटर, १९९९ पासून चालू. विदर्भातली वीज मुंबईच्या दाराशी आणणारी ही वाहिनी महापारेषणकडे आहे, आणि राज्याच्या कंपनीने एचव्हीडीसी चालवणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट नाही. पंचवीस वर्षं चाललेले थायरिस्टर व्हॉल्व्ह (एसीची डीसी करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), त्यांची थंड पाण्याची व्यवस्था, जुनी झालेली कंट्रोल यंत्रणा बदलायची कधी आणि वीज चालू ठेवून बदलायची कशी, हा एचव्हीडीसीच्या बी४ या कमिटीच्या अगदी मधोमध बसणारा विषय आहे. १९५४ साली स्वीडनने गॉटलंड बेटाला पहिली व्यापारी डीसी केबल टाकली तेव्हापासून हे लोक असल्याच प्रश्नांवर बोलत आलेत.

प्रश्न लहान असला तरी चालतो, फक्त तो तुमचा हवा.

पायरी २ : नोंद

इथे जरा थांबून वाचा. सगळं यावर आहे.

माझी पहिली फजिती सांगतो. बुशिंगच्या (ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतून तार बाहेर आणणारी इन्सुलेशनची नळी) टॅन डेल्टावर, म्हणजे इन्सुलेशन किती बिघडलंय ते सांगणाऱ्या मापावर, सिग्रेचा एक गट काम करत होता. मी मोठ्या उत्साहात अकरा वर्षांची रीडिंगं एक्सेलमध्ये भरून पाठवली. वेगवेगळ्या उपकेंद्रांतली, १३२ आणि २२० केव्हीची, शंभरावर बुशिंगं. आपल्याकडे केवढं भांडार आहे अशा तोऱ्यात होतो. दोन दिवसांनी गटप्रमुखाची दोन ओळींची मेल आली : आभार, आणि प्रत्येक रीडिंगच्या वेळी तेलाचं तापमान किती होतं?

ते नव्हतं. आमच्या फॉर्ममध्ये हवेच्या तापमानाचा रकाना होता आणि तोही निम्म्या ठिकाणी कोरा. मे महिन्यात दुपारी तीनला अकोल्याकडे घेतलेलं रीडिंग आणि जानेवारीत सकाळी आठला घेतलेलं रीडिंग यांची तुलना तापमानाशिवाय होत नाही. टॅन डेल्टा वाढला तो बुशिंग खराब झालं म्हणून की तेल तापलं होतं म्हणून, हे कुणी सांगू शकत नाही. शेवटी माझ्या यादीतली निम्म्याहून जास्त बुशिंगं गाळावी लागली. उरलेली कामाला आली, पण तो तोरा काही उरला नाही.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी आधी हेच सांगतो. चाचणीचा आकडा लिहिताना सोबत लिहा :

- तेलाचं आणि हवेचं तापमान, आर्द्रता, आकाश कसं होतं
- कुठलं यंत्र वापरलं, त्याचं कॅलिब्रेशन कधीचं, चाचणीचा दाब किती
- पोर्सेलिन पुसलं होतं की नाही
- उपकरण कुठल्या सालचं, कधी चार्ज केलं (विजेला जोडलं), मधे कधी उघडलं का

आणि फक्त खराब निघालेल्यांची नाही, धड चाललेल्यांचीही नोंद ठेवा. हे लोकांना लवकर पटत नाही. '१० ट्रान्सफॉर्मर गेले' या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. किती पैकी, किती वर्षांत? म्हणून तिकडे 'ट्रान्सफॉर्मर-वर्ष' असं माप वापरतात : २०० ट्रान्सफॉर्मर १० वर्षं चालले तर २००० ट्रान्सफॉर्मर-वर्षं झाली.

या मापाची ताकद बघायची असेल तर सिग्रेचं ६४२ क्रमांकाचं ब्रोशर उघडा, २०१५ चं. २१ देशांतल्या ५६ वीज कंपन्यांनी आपापल्या नोंदी दिल्या. एकूण १,६७,४५९ ट्रान्सफॉर्मर-वर्षं आणि त्यात ९६४ मोठे बिघाड. म्हणजे शंभर ट्रान्सफॉर्मर-वर्षांमागे एकही पूर्ण भरत नाही. यापूर्वीचं असं जागतिक सर्वेक्षण १९८३ साली छापलं होतं. बिघाड सर्वांत जास्त वाइंडिंगमध्ये, त्याखालोखाल टॅप चेंजर (दाब कमी-जास्त करायचा भाग) आणि बुशिंग. पण आग लागण्याच्या, स्फोट होण्याच्या घटना बघितल्या तर बुशिंगचं नाव फार पुढे येतं. हे वाचल्यावर आमच्याकडे बुशिंगच्या बदलीची यादी वेगळ्या क्रमाने लागली, एवढं सांगतो.

आणि 'मोठा बिघाड' म्हणजे काय? ज्यासाठी ट्रान्सफॉर्मर सात दिवसांपेक्षा जास्त सेवेबाहेर ठेवावा लागला तो. व्याख्या अशी घट्ट बांधल्याशिवाय ब्राझीलची नोंद आणि जर्मनीची नोंद एका रकान्यात येत नाही. आपल्याकडच्या अहवालांत 'डॅमेज', 'फेल', 'अटेंड करून नॉर्मल' असे शब्द असतात, ज्यांचा अर्थ लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तुमच्या नोंदीत किती दिवस बंद, काय बदललं आणि उघडल्यावर नेमकं काय दिसलं हे तीन रकाने घाला.

उघडल्यावर काय दिसलं, याचे फोटोही काढा. डीजीएवर (तेलात विरघळलेल्या वायूंवरून दोष ओळखण्यावर) काम करणारा जगातला प्रत्येक संशोधक अजून नोंदींच्या ज्या एका संचाकडे वळतो, तो आयईसीच्या टीसी १० या समितीच्या नावाने ओळखला जातो. त्याचं मोल एवढ्याचसाठी की त्यातले ट्रान्सफॉर्मर नंतर उघडून पाहिलेले होते. तेलातले वायू आणि आतला दोष दोन्ही ठाऊक होते. क्यूबेकच्या मिशेल दुव्हाल यांचा वायूंवरून दोष ओळखायचा त्रिकोण आपल्या प्रत्येक प्रयोगशाळेत वापरतात, तोही असाच उघडून पाहिलेल्या ट्रान्सफॉर्मरवर पारखून घेतलेला आहे. आपल्याकडे जळालेला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला जातो आणि तिथे त्याचं पोट फाडलं जातं तेव्हा आपला माणूस हजर नसतो. एक दिवस गाडी करून जा. त्या एका दिवसाचे फोटो पुढे दहा वर्षं पुरतात.

पायरी ३ : वाचन

एक ब्रोशर निवडा, तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचं. ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीवर ४४५, वाहिनीच्या तारेत किती प्रवाह जाऊ शकतो यावर ६०१, अशी ती क्रमांकाने ओळखली जातात आणि लोक बोलतातही क्रमांकानेच. पहिल्या बैठकीत सगळे 'सिक्स-ओ-वन' म्हणत होते आणि मी आपला आयएसचा नंबर समजून डोकं खाजवत बसलो होतो.

पहिल्या पानापासून वाचू नका. आधी सारांश, मग शेवटची परिशिष्टं. परिशिष्टांत प्रश्नावली असते : ज्या प्रश्नांची उत्तरं जगभरातून मागवली होती ती. ती प्रश्नावली तुमच्या उपकेंद्राला लावून पाहा, स्वतःच भरा. कुठे उत्तर येत नाही तिथे तुमच्या नोंदीतलं भोक आहे. शेवटी 'पुढे काय करायला हवं' असं प्रकरण असतं. पुढचे गट बहुधा त्यातूनच जन्माला येतात, म्हणून ते नीट वाचा.

आयईसीची प्रमाणकं महाग असतात, तेव्हा ती विकत घेण्याआधी ऑफिसात कुणाकडे आहेत का बघा. बीआयएसची स्वतःची प्रमाणकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. ट्रान्सफॉर्मरसाठी आयएस २०२६ पासून सुरुवात करा.

पायरी ४ : सदस्य व्हा, आणि बीआयएसला विसरू नका

सिग्रेचं सदस्यत्व थेट पॅरिसकडून घेण्यापेक्षा आपल्या राष्ट्रीय समितीमार्फत, म्हणजे दिल्लीतल्या सिग्रे इंडियामार्फत घ्यायचं. व्यक्तीसाठी, पस्तिशीच्या आतल्यांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि संस्थांसाठी वेगवेगळे प्रकार आहेत. तरुणांचे स्वस्त असतात. आधी हे पाहा की तुमची कंपनी संस्थात्मक सदस्य आहे का. बरेचदा असते आणि कुणाला माहीतच नसतं. लॉगिन कुठल्या तरी वरिष्ठांच्या सचिवाकडे पडलेलं असतं. सदस्य झालात की ब्रोशरं, जुन्या सत्रांचे पेपर आणि 'इलेक्ट्रा' हे नियतकालिक मोफत मिळतं. तरुणांचं नेक्स्ट जनरेशन नेटवर्क म्हणून वेगळं वर्तुळ आहे, त्यात नाव घाला. पॅरिस दूर वाटत असेल तर आशिया-ओशनिया विभागाच्या बैठका असतात, त्यांना पोचणं सोपं.

आता एक सल्ला जो फारसा कुणी देत नाही. बीआयएसचे मसुदे जनतेच्या हरकतींसाठी खुले असतात. विद्युत तंत्रज्ञान विभागात ईटीडी १६ ही ट्रान्सफॉर्मरची समिती, ईटीडी १९ उच्चदाब तंत्रज्ञानाची. मसुदा उतरवून घ्या, एक कलम घ्या आणि त्यावर मुद्देसूद हरकत लिहा : कलम क्रमांक, सध्याचे शब्द, तुम्ही सुचवता ते शब्द, कारण. एवढ्याच चार रकान्यांचा तक्ता. आयईसीतही जगभर साधारण असाच तक्ता चालतो. पैसे लागत नाहीत, विमान लागत नाही, आणि तुमची हरकत समितीला विचारात घ्यावीच लागते. मला विचाराल तर पॅरिसच्या पेपरपेक्षा हे जास्त शिकवतं, कारण इथे 'सुधारणा व्हावी' असं लिहून भागत नाही. नेमके शब्द द्यावे लागतात. आयईसीचा तरुण व्यावसायिकांसाठी कार्यक्रमही आहे, त्यात नावं राष्ट्रीय समितीच पाठवते. समितीत तुमच्या हरकती वाचलेल्या असतील तर तुमचं नाव आठवतं.

पायरी ५ : वर्किंग ग्रुप

प्रत्येक स्टडी कमिटीखाली दहा-पंधरा वर्किंग ग्रुप चालू असतात. गटाला क्रमांक असतो, कार्यकक्षेचं दोन पानी पत्रक असतं (टर्म्स ऑफ रेफरन्स, सगळे 'टीओआर' म्हणतात), एक गटप्रमुख असतो आणि साधारण तीन वर्षांत काम संपवायचं असतं. नवा गट निघाला की पत्रक प्रसिद्ध होतं आणि राष्ट्रीय समित्यांकडे नावं मागितली जातात. तुमचं नाव जायचं ते त्याच वाटेने. अर्जात आपल्या पदव्या आणि अनुभवाची वर्षं लिहिण्यापेक्षा तुम्ही त्या पत्रकातल्या कुठल्या मुद्द्यासाठी काय आणू शकता ते लिहा : 'माझ्याकडे ४० बुशिंगांची सात वर्षांची, तापमानासह रीडिंगं आहेत.' असं एक वाक्य पुरेसं होतं. नियमित सदस्याची जागा भरली असेल तर पत्रव्यवहाराने भाग घेणारा सदस्य म्हणून आत या.

मानधन नाही. प्रवास आपल्या किंवा कंपनीच्या खर्चाने. बऱ्याच बैठका आता ऑनलाइन होतात, आणि वेळ कुणालाच सोयीची नसते. ब्राझील, स्वीडन, जपान आणि आपण एका पडद्यावर यायचं म्हणजे कुणीतरी पहाटे उठणारच. आपल्याला संध्याकाळ मिळते तेव्हा नशीब समजा.

नवा सदस्य आणि गप्प बसलेला सदस्य, दोघे पहिल्या बैठकीत सारखेच दिसतात. तिसऱ्यापर्यंत कळतं. दुसऱ्याच बैठकीत एखादं कंटाळवाणं काम मागून घ्या : संज्ञांची यादी करणं, प्रश्नावलीची उत्तरं एका तक्त्यात आणणं, संदर्भ तपासणं. प्रकरणं लिहायला सगळे हात वर करतात. तक्ता करायला कुणी नसतं. ज्याच्या हातात तक्ता असतो त्याच्याशी सगळ्यांना बोलावं लागतं, हे लक्षात घ्या. दोन वर्षं काहीच न दिलेल्यांची नावं गट हळूच वगळतो.

शब्दांबद्दल सावध राहा. आपण १३२ केव्हीच्या उपकेंद्राला अति उच्च दाबाचं म्हणतो, कारण आपल्या नियमांत ३३ केव्हीच्या वरचं सगळं त्यात येतं. आयईसीच्या भाषेत १००० व्होल्टच्या वर सगळाच उच्च दाब. अमेरिकन माणसाला 'ईएचव्ही' म्हटलं की तो ३४५ केव्ही आणि पुढचं समजतो. मी एकदा तासभर 'आमच्या ईएचव्ही लाइन' म्हणत बोललो आणि शेवटी समोरच्याने विचारलं, "म्हणजे ७६५?" केव्हीचा आकडा लिहा, विशेषणं सोडा. तसंच मुंबई-कल्याण भागातल्या १०० आणि ११० केव्हीच्या जुन्या वाहिन्या. परक्या माणसाला हे आकडे टंकनातली चूक वाटतात, तेव्हा एक ओळ खुलासा द्या.

इंग्रजीची भीती बाळगू नका. गटातले अर्धे लोक तिसऱ्या भाषेत बोलत असतात. जपानी सदस्य बैठकीत फारसे बोलत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत मुद्देसूद मेल त्यांचीच येते. ती पद्धत आपल्यालाही जमण्यासारखी आहे.

एक पथ्य मात्र कडक. एकाच टेबलाला तीन प्रतिस्पर्धी उत्पादक आणि त्यांचे दोन ग्राहक बसलेले असतात. किंमत, निविदा, कोणाला ऑर्डर मिळणार, यातलं काहीही बोलायचं नाही, जेवतानाही नाही. बिघाडाच्या नोंदीत उत्पादकाचं नाव देऊ नका. गट नावं पुसूनच छापतो, पण आधी तुम्हीच पुसलेली बरी.

ऑफिसची परवानगी

ही पायरी मधेच येते आणि सगळं अडवून धरते. आकडे कंपनीचे आहेत. उपकेंद्राचं नाव, उत्पादकाचं नाव, अनुक्रमांक काढून टाकलेला तक्ता बनवा, सोबत गटाचं पत्रक जोडा आणि लेखी परवानगी घ्या. 'माहिती बाहेर जाईल' ही वरिष्ठांची भीती अगदीच खोटी नसते. तिला उत्तर म्हणजे तो पुसलेला तक्ताच. परत काय मिळेल तेही लिहा : इतर वीज कंपन्यांचे आकडे छापण्याआधी आपल्याला दिसतील. या ओळीवर सह्या होतात, असा माझा अनुभव. परदेश प्रवासाची परवानगी हा वेगळा कागद. सरकारी कंपनीत त्याला महिने लागतात, तेव्हा व्हिसाच्या तारखेवरून उलटं मोजा.

पायरी ६ : पॅरिस

सिग्रेचं सत्र दर दोन वर्षांनी, सम वर्षात, ऑगस्टच्या अखेरीस पॅरिसच्या पोर्त मायोजवळच्या पॅले दे काँग्रेमध्ये भरतं. (२०२० चं करोनामुळे ऑनलाइन झालं आणि शताब्दीचं म्हणून २०२१ मध्ये वेगळं भरलं, तेही ऑनलाइनच.) पेपरचा सारांश आदल्या वर्षीच राष्ट्रीय समितीला द्यायचा असतो. प्रत्येक देशाच्या वाट्याला ठरावीक पेपर येतात, म्हणून खरी चाळणी दिल्लीतच लागते. प्रत्येक स्टडी कमिटी त्या सत्रासाठी तीन विषय जाहीर करते; तुमचा सारांश त्यातल्या एकात चपखल बसला पाहिजे. ओढूनताणून बसवलेला लगेच ओळखू येतो.

आता इथली पद्धत समजून घ्या, कारण ती आपल्या कॉन्फरन्ससारखी अजिबात नाही. तुम्ही मंचावर उभं राहून पेपर वाचत नाही. पेपर आधीच सगळ्यांना मिळालेले असतात. 'स्पेशल रिपोर्टर' नावाचा माणूस त्या विषयाचे सगळे पेपर वाचतो, त्यांचा अहवाल करतो आणि त्यातून प्रश्न काढतो. कमिटीच्या चर्चेच्या दिवशी बोलायचं ते त्या प्रश्नांना उत्तर म्हणून, तीन-चार मिनिटांत, मोजक्या स्लाइड्सवर. स्लाइड्स आधी पाठवायच्या आणि आदल्या दिवशी स्पेशल रिपोर्टरला भेटून दाखवायच्या. तो काटछाट करतो. राग मानू नका. पेपर तुम्ही मांडता तो पोस्टरच्या सत्रात, तुमच्याच पडद्याशेजारी उभं राहून, आणि खरी ओळख तिथेच होते.

गंमत अशी की प्रश्नाला उत्तर देण्यासाठी पेपर असावाच लागतो असं नाही. स्पेशल रिपोर्टरचे प्रश्न सत्राआधी प्रसिद्ध होतात, आणि नोंदणी केलेला कुठलाही प्रतिनिधी उत्तर देऊ शकतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच रस्ता धरावा. एक प्रश्न, एक आलेख, आपल्या यार्डातला.

व्यवहाराचं थोडं. शेंगेनच्या व्हिसासाठी निमंत्रणपत्र लवकर मागवा. ऑगस्टात पॅरिसकर सुटीवर जातात, बरीच छोटी दुकानं बंद असतात. शाकाहारी असाल तर चिवडा आणि दशम्या न्या, लाजू नका. शेजारी प्रदर्शन भरतं, तिथे दिवस घालवायचा मोह होतो. पोस्टरच्या वेळा आधी वहीत लिहा आणि मग फिरा. संध्याकाळच्या मेजवान्यांत आपले लोक आपल्याच घोळक्यात उभे राहतात. निदान एक संध्याकाळ, ज्याच्याशी दोन वर्षं मेलवर बोललात त्याच्याबरोबर जेवा.

परतल्यावर आठवड्याच्या आत एक पानी मराठी टिपण लिहा, ऑपरेटर आणि टेस्टिंगच्या मुलांसाठी. दौऱ्याचा अहवाल वरिष्ठांना जातो आणि फायलीत राहतो. हे पान कंट्रोल रूमच्या भिंतीवर लागतं. मी पहिल्यांदा परतलो तेव्हा त्या पानावर एकच गोष्ट होती. चाचणीच्या फॉर्ममध्ये तेलाच्या तापमानाचा रकाना वाढवला आहे, आणि तो कोरा असेल तर रीडिंग धरलं जाणार नाही. पहिले दोन महिने सगळ्यांनी शिव्या घातल्या.